पूर्वजांचा शोध : किती सांगावे, किती राखावे?

तुमच्या पणजोबांचे नाव तुम्हांला ठाऊक आहे का? बहुतेकांना असते, नसले तर घरातल्या थोरांना विचारून कळते. आता पणजीचे नाव आठवून पाहा. सासरी आल्यावर ठेवलेले नाव कदाचित सांगता येईल. पण तिच्या आईवडिलांनी पाळण्यात ठेवलेले नाव कोणते? तिचे माहेरचे गाव कोणते, आडनाव कोणते? इथे बहुतेक जण थबकतात. आपण अवघ्या तीन पिढ्या मागे गेलो आहोत, आणि जिच्या रक्तामांसाचा वाटा आपल्या देहात पणजोबांइतकाच आहे, तिच्याविषयी सांगण्यासारखे एक वाक्यही आपल्यापाशी नाही.

रायपूर, बिलासपूर, दुर्ग या भागांतल्या मराठी कुटुंबांत अलीकडे वंशावळ शोधण्याची ओढ पुष्कळ दिसते. कुणी निवृत्त झाल्यावर हे काम हाती घेतो. कुणाच्या मुलांनी परदेशातून विचारलेले असते, की आपण मराठी, मग आपण रायपूरला आलो कसे? घरात मराठी, शेजारी छत्तीसगढी, शाळेत हिंदी अशा तीन बोलींत वाढलेल्या मुलाला हा प्रश्न पडणे साहजिक आहे. तो प्रश्न नुसत्या माहितीचा नसतो. 'मी कोण' या प्रश्नाचेच ते एक घरगुती रूप असते. म्हणून साधकाने त्याकडे दुर्लक्ष करू नये. 'हे सगळे देहाचे, आत्म्याला कसला वंश?' असे म्हणून तो झटकून टाकणे सोपे असते. पण ज्याला आजीचे नाव आठवत नाही त्याने देहभाव ओलांडला आहे असे होत नाही. तो फक्त विसरलेला असतो.

या भागातील बहुतेक घराण्यांची कथा एका वाक्याने सुरू होते : 'आमचे मूळपुरुष भोसल्यांबरोबर आले.' त्या वाक्याला इतिहासाचा आधार आहे. १७४१ मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सेनापती भास्करपंत कोल्हटकर यांनी रतनपूरवर स्वारी केली आणि कलचुरींची जुनी राजवट मोडली. १७५८ पासून रघूजींचे पुत्र बिंबाजी भोसले रतनपुरात राहून कारभार पाहू लागले. १७८७ मध्ये त्यांचे निधन झाले. रतनपूरच्या रामटेकडीवरील मंदिर आणि रायपूरच्या दूधाधारी मठाचा जीर्णोद्धार त्यांच्या नावाशी जोडला जातो. मोडी लिपी आणि दसऱ्याला सोने वाटण्याची चाल त्यांच्याच काळात इकडे रुजली असे सांगतात. पुढे सुभेदारांची राजवट आली. १८१८ मध्ये इंग्रज अधिकारी अ‍ॅग्न्यू याने मुख्य ठाणे रतनपूरहून रायपूरला हलवले, आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्यच खालसा झाले. लष्करात आलेले, दप्तरात आलेले, देवळात पूजेसाठी आणलेले, त्यांच्या मागून आलेले मेहुणे आणि भाचे, अशी माणसे इकडची झाली. मग रेल्वे आली आणि तिच्याबरोबर कारकून, शिक्षक, वकील, तारमास्तर यांची दुसरी लाट आली. १९५६ पर्यंत रायपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते, त्यामुळे बदली होऊन आलेला माणूस परमुलखात आला आहे असे त्याला वाटतही नसे. रायपूरच्या तात्यापारा या वस्तीच्या नावात कुठलातरी तात्या अजून बसलेला आहे.

खरे सांगायचे तर 'भोसल्यांबरोबर आलो' म्हणणाऱ्या कितीतरी घराण्यांचे मूळपुरुष या दुसऱ्या लाटेबरोबर तिसऱ्या वर्गाच्या डब्यातून आले असावेत. त्यात कमीपणा काहीच नाही. पण तलवारीबरोबर येणे हे दौत-टाकाबरोबर येण्यापेक्षा मानाचे, असे आपण ठरवून टाकलेले असते. आणि शोध सुरू करण्यापूर्वीच काय सापडायला हवे हे ठरलेले असले, तर सापडतेही तेच. अमेरिकेत अ‍ॅलेक्स हेली या लेखकाने गुलाम म्हणून नेल्या गेलेल्या आपल्या पूर्वजाचा माग आफ्रिकेतील गावापर्यंत काढला. १९७६ मधले त्याचे 'रूट्स' जगभर वाचले गेले. पुढे अभ्यासकांनी त्या गावातील दुव्यावर गंभीर शंका घेतल्या. ज्या समाजाची नावेच पुसली गेली होती, त्याची मुळांची तहान खोटी नव्हती. पण तहान खरी असली म्हणून दुवा खरा ठरत नाही.

आता थोडे गणित करू. १७४१ पासून आजपर्यंत सुमारे २८० वर्षे झाली. एका पिढीला २८ वर्षे धरली तर दहा पिढ्या होतात. तुम्हांला आईवडील दोन, आजीआजोबा चार, पणजीपणजोबा आठ. असे दुप्पट करत दहाव्या पिढीला पोहोचलात की पूर्वजांच्या १०२४ जागा होतात. नात्यांत लग्ने झाल्यामुळे एकच व्यक्ती दोन-तीन जागांवर येते, म्हणून प्रत्यक्ष माणसे त्याहून कमी भरतील. तरी काही शेकडे असतीलच. त्यांतला एक जण भास्करपंतांच्या फौजेत होता असे समजू. बाकीचे कुठे होते? कोणी वऱ्हाडात नांगर धरत होते, कोणी कोकणात भात लावत होते, कोणी कुणाच्या दारात मागायला उभे होते. त्यांतले निम्मे पूर्वज तर स्त्रियाच होत्या. आपण ज्याला 'आमचे घराणे' म्हणतो ती या हजार धाग्यांतली एकच ओळ असते : बापाच्या बापाचा बाप. ती ओळ धरण्यात चूक नाही, आडनाव तिच्यावरून चालते. फक्त ती म्हणजेच आपण, असे मानले की फसगत होते.

प्रत्यक्ष शोध कसा चालतो ते अनेकांना माहीत असेल, म्हणून थोडक्यात सांगते. आधी घरातली माणसे, मग कागद, मग तीर्थक्षेत्रे. देवघरातली श्राद्धतिथींची वही, जन्मपत्रिका, कुलदैवताला जाण्याचा क्रम, लग्नातल्या मानापानाची यादी या चार गोष्टींतून जेवढे निघते तेवढे मोठ्या दप्तरातूनही निघत नाही. कुलदेवता कोल्हापूरची, तुळजापूरची की माहूरची, यावरून मूळ मुलखाचा अंदाज येतो. त्र्यंबकेश्वर, नाशिक, प्रयाग, गया इथल्या तीर्थोपाध्यायांच्या चोपड्यांत आपल्या आजोबा-पणजोबांच्या हातची सही सापडते. ती पाहताना भल्याभल्यांचे डोळे भरून येतात. नागपूर भोसल्यांच्या काळचे कागद मोडीत आहेत, आणि मोडी शिकल्याशिवाय ते बोलत नाहीत. इकडच्या सरकारी कागदांत आणखी एक गंमत होते. हिंदी दप्तरात 'ळ' आणि 'ण' टिकत नाहीत. काळे यांचे काले होतात, दाणी यांचे दानी. एकाच माणसाच्या दोन नोंदी दोन माणसांच्या वाटतात, आणि भाऊ भावाला ओळखत नाही. मॉरिशसमध्ये तर याहून अवघड. ऊसमळ्यांवर करारावर गेलेल्या मजुरांच्या नोंदी मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपल्या आहेत. जहाजावर चढताना कारकुनाला जे ऐकू आले तेच त्या कुटुंबाचे नाव होऊन बसले आहे, आणि तिथल्या मराठी घरांतली पाचवी-सहावी पिढी त्या स्पेलिंगवरून आपले गाव शोधते आहे.

इथपर्यंत सारे आनंदाचे असते. खरा प्रश्न पुढे येतो, आणि तोच या लेखाचा विषय आहे. शोधता शोधता असे काहीतरी हाती लागते की जे घराने जाणूनबुजून लपवलेले असते. तेव्हा काय करावे?

समजा, तुमचे पाचव्या पिढीचे पूर्वज सुभेदारीत कमाविसदार होते. घरात त्यांची कथा दानशूर म्हणून सांगितली जाते. त्यांनी विहीर बांधली, देवळाला घंटा दिली. आणि जुन्या कागदांत तुम्हांला दिसते की दुष्काळी सालातही त्यांनी परगण्याची वसुली सोडली नव्हती, काही कुळे गाव सोडून गेली होती. सुभेदारांच्या काळातल्या वसुलीचे वर्णन अ‍ॅग्न्यूने आपल्या १८२० च्या अहवालात केले आहे, ते चांगले नाही. अर्थात अ‍ॅग्न्यू हा काही निष्पक्ष साक्षीदार नव्हे. आधीच्यांना वाईट ठरवण्यात कंपनीचा फायदाच होता. तरी तेवढ्यावरून सगळे खोटे म्हणून सोडून देता येत नाही.

किंवा समजा, वंशावळीत एका जागी शाई फासलेली आहे. विचारल्यावर ऐंशी वर्षांची आत्या हळूच सांगते, की तिथे एक विधवा सून होती, तिला मूल झाले, आणि एका रात्री तिला कुठेतरी धाडून दिले. किंवा असे कळते की ज्यांना आपण आजोबांचे सख्खे भाऊ समजत होतो ते त्यांचे कोणीच नव्हते. साथीच्या वर्षी रस्त्यावर सापडलेले मूल होते, आणि पणजीने ते वाढवले.

हे लिहावे की नाही? माणसे इथे दोन टोकांना जातात. काही म्हणतात, 'गेलेल्यांचे काढू नये.' काही म्हणतात, 'सत्य ते सत्य, सगळे छापा.' दोन्ही उत्तरे मला घाईची वाटतात, कारण दोन्हींत एक गोष्ट विचारलीच जात नाही : हे सत्य कोणाचे आहे, आणि ते सांगितल्याची किंमत कोण देणार?

छांदोग्य उपनिषदातील सत्यकामाची कथा आपण सर्वांनी ऐकलेली आहे. गुरूकडे जाण्यापूर्वी तो आईला विचारतो, माझे गोत्र कोणते? जबाला सांगते, तारुण्यात मी अनेक ठिकाणी सेवा करत फिरले, तेव्हा तू झालास; तुझे गोत्र मला ठाऊक नाही. माझे नाव जबाला, तुझे सत्यकाम, तेव्हा तू सत्यकाम जाबाल असेच सांग. तो हारिद्रुमत गौतमांपुढे जाऊन आईचे शब्द जसेच्या तसे सांगतो, आणि ते त्याला समिधा आणायला सांगतात. ही कथा सांगताना आपण सत्यकामाच्या धैर्याचे कौतुक करतो आणि गौतमांच्या उदारपणाचेही. जबालेकडे मात्र पुरेसे पाहत नाही. त्या दिवशी पणाला लागले होते ते तिचे नाव. गावाने बोट दाखवले असते ते तिच्याकडे. आणि 'असेच सांग' हे तीच म्हणते. सत्यकामाने आईचे गुपित शोधून काढून चव्हाट्यावर मांडलेले नाही. जिचे सत्य होते तिने ते त्याच्या हाती दिले, आणि त्याने ते न वाकवता पुढे नेले.

मला या प्रश्नाचा सगळ्यांत उपयोगी धागा इथे सापडतो. लपवलेली गोष्ट उघड केल्याने ज्याला सोसावे लागणार आहे, पहिला हक्क त्याचा. कमाविसदाराची कथा घ्या. ती सांगितल्याने कोणाला सोसावे लागेल? आपल्या अभिमानाला, दुसऱ्या कोणाला नाही. मग ती सांगण्यात अडचण कसली? तिथे 'गेलेल्यांचा मान' हे निमित्त असते. राखायचा असतो तो आपला मान. विहीर लिहायची आणि वसुली गाळायची, असे करता येत नाही. पण त्या सुनेची कथा निराळी आहे. तिला धाडून देण्यात घरातल्या पुरुषांचा अपराध होता, आणि बदनामी मात्र तिची झाली. ती कथा आज कशी सांगितली जाते यावर सारे अवलंबून आहे. तिला 'घराण्यावरचा डाग' म्हणून सांगणार असाल तर शाई फासणाऱ्याचेच काम तुम्ही पुढे चालवत आहात. तिचे नाव त्या जागी परत लिहा, तिला कोणी आणि कसे घालवले ते लिहा. तिचे मूल कुठेतरी वाढले असेल, त्याची नातवंडे आज कुठेतरी असतील, त्यांना ठाऊक नसेल. त्यांना शोधून काढून दारात उभे राहण्याचा हक्क मात्र तुम्हांला नाही. ते स्वतः विचारत आले तर कागद तयार असावा, एवढेच आपले काम.

आणि सापडलेल्या मुलाचे? त्याच्या मुलानातवंडांना हे ठाऊक आहे का, त्यांना ते कळायला हवे आहे का, हे त्यांनाच विचारायला हवे, आणि तेही छापण्यापूर्वी, एकट्याने, घरी जाऊन. ते 'नको' म्हणाले तर वंशावळीत तो मुलगाच आहे. पणजीने त्याला मुलगा म्हटले होते. तिच्या निवाड्यावर अपील करणारे आपण कोण? इथे कुणी म्हणेल, की मग सत्याचे काय? मला वाटते, रक्ताचे नाते हे एक सत्य आहे आणि पणजीने त्याला जेवू घातले हेही एक सत्य आहे. वंशावळ यांपैकी कशाची नोंद ठेवण्यासाठी असते, हे ज्याचे त्याने ठरवावे. बृहदारण्यक उपनिषदाच्या शेवटी एक मोठी वंशयादी आहे. ती जन्माची नव्हे, गुरुशिष्यांची आहे. आणि गंमत अशी की तिच्यात कितीतरी आचार्य आईच्या नावाने ओळखले जातात : पौतिमाषीपुत्र, कात्यायनीपुत्र, गौतमीपुत्र, भारद्वाजीपुत्र. म्हणजे 'वंश' या शब्दाचा अर्थ केवळ बापाचे रक्त असा कधीच नव्हता; तो आपण पुढे आवळत नेला. छत्तीसगढात याचे आणखी एक रूप दिसते. कबीरांच्या जन्माविषयी खात्रीने कोणी काही सांगू शकत नाही, आणि त्यांच्याच पंथाच्या दामाखेडा येथील गादीवर धर्मदासांच्या बेचाळीस वंशांची परंपरा मानली जाते. ज्याचा स्वतःचा वंश माहीत नाही, त्याच्यापासून वंश सुरू होऊ शकतो.

वंश शोधण्याची दुसरी बाजूही विसरू नये. वंश हे माणसाला अडवण्याचे हत्यारही झाले आहे. संन्याशाची मुले म्हणून आळंदीच्या चार भावंडांना शुद्धिपत्र आणायला पैठणला जावे लागले, असे परंपरा सांगते. रतनपुरात बिंबाजींचा दरबार भरू लागण्याच्या थोडे आधी गिरौदपुरीत गुरू घासीदासांचा जन्म झाला. परंपरेने ते साल १७५६ मानले जाते. माणूस माणूस सारखाच, ही त्यांची शिकवण इथल्या मातीत पसरली ती कारण नसताना नव्हे. आपल्या मूळपुरुषाची कीर्ती गाताना त्या मूळपुरुषाच्या दारात कोणाला उभे राहता येत नव्हते, हेही विचारावे लागते.

आता मला जो भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो, तिकडे येते. इंग्रजांनी केलेल्या बंदोबस्तात मध्यप्रांतातल्या गावांवर मालगुजारांना मालकी हक्क मिळाले. छत्तीसगढात अनेक मराठी घराणी मालगुजार झाली. १९५१ मध्ये मालगुजारी संपली. वाडे विकले गेले, माणसे शहरात आली, पण कागद राहिले. रायपूरच्या कितीतरी जुन्या घरांत माळ्यावर एक पेटी असते आणि तिच्यात गावाचे हिशेब असतात : कोणाकडे किती भात येणे, कोणाला बियाणे दिले, कोण कमिया म्हणून वर्षभर बांधला गेला, त्याच्या बापाचे नाव, जात, पारा. आपण ती पेटी उघडतो ती आपल्या खापरपणजोबांची सही पाहण्यासाठी. बाकीची नावे आपल्या दृष्टीने नुसती गर्दी असते.

पण त्या गर्दीतल्या माणसाचा पणतूही आज वंशावळ शोधतो आहे. त्याला हौस म्हणून ते करायचे नसते. अनुसूचित जाती किंवा जमातीचे प्रमाणपत्र काढायचे तर कुटुंब १९५० पूर्वीपासून इथले आहे हे कागदाने दाखवावे लागते. मग तो पटवाऱ्याकडे मिसल बंदोबस्ताची नक्कल मागतो, शाळेचे दाखिल-खारिज रजिस्टर शोधतो, कोटवाराची जन्ममृत्यूची पंजी कुठे गेली ते विचारतो. खेटे घालतो. पणजोबा शाळेतच गेले नसतील तर रजिस्टरात नाव नाही. जमीन नसेल तर मिसलमध्ये नाव मिळेलच असे नाही. कधी नाव दुसऱ्याच उच्चाराने लिहिलेले असते, कधी कुटुंब कोणत्या गावाहून आले तेच आठवत नाही. आणि त्या नावावर मुलीची शिष्यवृत्ती, वसतिगृह, नोकरी अवलंबून असते.

त्याचा पणजोबा कोणत्या गावात, कोणत्या साली, कोणत्या नावाने राहत होता हे कदाचित फक्त तुमच्या माळ्यावरच्या पेटीत लिहिलेले आहे. तो कागद कचेरीत पुरावा म्हणून चालेल की नाही हा पुढचा प्रश्न. पण शोध कुठे घ्यायचा हे त्यावरून कळू शकते. आपण रोज ऋणांविषयी बोलतो. तैत्तिरीय संहितेत सांगितले आहे, की जन्मतःच माणसावर ऋषींचे, देवांचे आणि पितरांचे ऋण असते. पितृऋण म्हणजे तर्पण आणि श्राद्ध, असे आपण सोयीने ठरवले. पूर्वजांचे पाप आपल्या खात्यावर येत नाही. कर्म ज्याचे त्याला, हे खरेच आहे. पण पूर्वजांनी करून ठेवलेले कर्ज मालमत्तेबरोबर वारसांकडे येते, हे कोणताही व्यवहारी माणूस सांगेल. त्या भातावर आपल्या आजोबांचे नागपूरचे शिक्षण झाले, त्या शिक्षणावर आपल्या वडिलांची नोकरी. अभिमान किंवा लाज या दोन्ही गोष्टी इथे फारशा कामाच्या नाहीत. भाताचे फळ हातात आले आहे, एवढे मात्र नाकारता येत नाही. त्या मानाने पेटी उघडून नावांची यादी करणे, तिच्या नकला त्या गावच्या पंचायतीकडे आणि शाळेकडे देणे हे किती लहान काम आहे.

कुणी विचारतील, हे सगळे कशासाठी? संन्यासाच्या मार्गात तर माणूस स्वतःचेच श्राद्ध करून गोत्राबाहेर पडतो. खरे आहे. रायपूरच्या बूढापारा भागात १८७७ ते १८७९ या काळात एक बंगाली मुलगा आपल्या वकील वडिलांबरोबर राहत होता. नागपूरपर्यंत आगगाडी आणि पुढे बैलगाडी, असा प्रवास करून तो आला होता. पुढे तो स्वामी विवेकानंद झाला. त्याच्या चरित्रात एक आठवण सांगतात. लहानपणी त्याने वडिलांना विचारले होते, तुम्ही माझ्यासाठी काय केलेत? वडील म्हणाले, जा, आरशात पाहा. त्या मुलाने पुढे गोत्र सोडले, नाव सोडले. पण आईची काळजी अखेरपर्यंत सोडली नाही. ज्यांना हे सारे सोडायचे आहे त्यांनीही आधी आरशात पाहिलेले असते, असे मला वाटते. जे हातात घेतलेच नाही ते सोडणार काय?

पितृपक्षात आपण पित्याकडच्या तीन पिढ्यांबरोबर आई, आजी, पणजी यांचीही नावे घेतो, आईच्या वडिलांकडची घेतो, गुरू आणि मित्रांची घेतो. आणि शेवटी ज्यांचे मागे कोणीच उरले नाही त्यांच्यासाठीही पाणी सोडतो. विधीने इतकी मोठी जागा ठेवली आहे. आपल्या वंशावळीच्या तक्त्यात मात्र बाईच्या नावाची जागा अर्ध्या बोटाची, आणि मुलींच्या जागी 'कन्या २' एवढेच.

तेव्हा या पितृपक्षात कामाला लागणार असाल तर मोठा कागद घ्या. प्रत्येक स्त्रीसाठी तीन रकाने ठेवा : माहेरचे नाव, माहेरचे गाव, आईचे नाव. माहीत नसेल तिथे रकाना मोकळा सोडा, अंदाजाने भरू नका. शाई फासलेल्या जागेची नक्कल करताना तिथे शाई होती अशी नोंद करा. पेटीतली बाकीची नावे वेगळ्या वहीत, गावाप्रमाणे उतरवा. वर्ष आणि मूळ उच्चार तसाच ठेवा, हिंदीत 'सुधारू' नका. आणि कागदांच्या आधी आत्याकडे जा. कागद आणखी दहा वर्षे थांबतील. तिने काही सांगितले आणि 'हे लिहू नकोस' म्हणाली, तर लेखणी खाली ठेवा आणि कोणासाठी नको, हे तिला विचारा. पुष्कळदा ती जिला जपत असते ती बाई जाऊन चाळीस वर्षे झालेली असतात, आणि हे बोलता बोलता तिच्याच लक्षात येते. कधी ती जिवंत असते, शेजारच्या खोलीत झोपलेली असते. तेव्हा वही मिटून चहा घ्यावा.